फोटोच्या कडेला उभी असलेली बाई

दुपारची कामं आटोपून रेडिओ लावला असेल, तर आज एक करा. घरातला लग्नाचा एखादा जुना अल्बम काढा आणि त्यातला कुठलाही ग्रुप फोटो समोर ठेवून बसा. आज आम्ही फोटोबद्दल बोलणार आहोत आणि रेडिओवर काही दाखवता येत नाही. तुमच्या हातात एक फोटो असला की आमचं निम्मं काम होईल.

विषय असा, की फोटोतलं एक माणूस मागच्या सगळ्या पसाऱ्यातून अलगद सोडवून वेगळं कसं काढायचं. स्टुडिओवाले याला 'कटिंग' म्हणतात. फ्लेक्सवाले म्हणतात, 'पीएनजी करून देतो.' काम तेच.

आम्ही हे शिकलो ते पापडासाठी. बचत गटाच्या पापड-चटण्यांच्या पाकिटांवर लेबल लावायचं होतं. प्रत्येक लेबलाला बाहेर पैसे मोजण्यापेक्षा आपणच शिकू, म्हणून केंद्राच्या एका कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि स्कॅनर आला. पण गावात बातमी पसरली आणि लोक पापड सोडून भलतंच घेऊन यायला लागले. कुणाचे वडील गेलेत, कुणाची आजी गेली, दहाव्याला फोटो ठेवायचाय, करून द्या. पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. पुरुषमाणसाचा फोटो घरात सापडतो. लायसन्ससाठी काढलेला, सोसायटीच्या निवडणुकीतला, सत्काराचा, फेटा बांधलेला. बाईचा सापडत नाही. आधार कार्डावरचा असतो, पण तो आपला आहे हे तिला स्वतःलाही पटलं नसतं. मग अल्बम निघतात. आणि ती सापडते ती पुतण्याच्या नाहीतर भाच्याच्या लग्नात, मागच्या रांगेत, अगदी कडेला, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी झाकलेली आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं पोर कडेवर घेतलेली.

तुमच्या हातातल्या फोटोत बघा. कडेला कोण आहे?

आता तिला तिथून बाहेर कसं काढायचं ते सांगतो. त्याआधी आमची एक चूक सांगायला हवी, कारण ती आम्ही सगळ्याच नवशिक्या करतो. एक दादा आईचा फोटो घेऊन आले होते. आम्ही तो स्कॅन केला, फोटो त्यांना परत दिला आणि ते गावाला निघून गेले. मग आम्ही सॉफ्टवेअरमधला खोडरबर घेतला आणि मागचा मंडप, खुर्च्या, पंखा, शेजारची माणसं भराभर पुसून टाकली. मोठ्या झटपट काम झालं, म्हणून खुशीत फाइल सेव्ह केली, तीही त्याच नावानं. प्रिंट काढली तेव्हा दिसलं, की मंडपाबरोबर माउलीचा एक कान आणि अंबाड्यावरचा गजराही पुसला गेला होता. कॉम्प्युटर मधल्या वेळात बंद केलेला. मागे जायला वाट नाही. दादांना फोन करायला लागला आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो पाकिटात घालून एसटीनं पुन्हा आमच्याकडे आला. तेरावा नाही, दहावाच होता, आणि मध्ये एकच दिवस. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. आणि खोडरबर वापरायचा नाही. त्याऐवजी काय, ते पुढे येईलच.

सुरुवात स्कॅनपासूनच होते, आणि इथंच बरीच कामं बिघडतात. लोक अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. वर प्लॅस्टिक असतं, त्यावर ट्यूबलाइट चमकते, आणि फोटो तिरका येतो. जमलं तर फोटो अल्बममधून हलक्या हातानं काढा. चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या. स्कॅनर नसेल तर दिवसा ओसरीत, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात फोटो सपाट ठेवा आणि मोबाइल अगदी वरून धरून, फ्लॅश न मारता काढा. आणि तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की त्यातला बारकावा वाटेतच कमी होतो.

स्कॅनर असेल तर किती बारीक स्कॅन करायचं? याचा हिशोब सोपा आहे. पोस्टकार्डाएवढा, ४ बाय ६ इंचांचा फोटो धरा. मागच्या रांगेतल्या बाईचा चेहरा त्यात जेमतेम १ सेंटिमीटर उंच असतो. आम्ही ६०० डीपीआयवर स्कॅन करतो, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. १ सेंटिमीटरात ते साधारण २३६ होतात. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात, तेव्हा तो चेहरा २ सेंटिमीटरच होईल. भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो, त्यामुळे दीडशे ठिपक्यांवरही निभतं. म्हणजे चेहरा फार तर ४ सेंटिमीटर. त्यापुढे ताणलं की पातळ पिठाच्या धिरड्यासारखं होतं, जागोजागी फाटतं. म्हणून घरचे दीड फुटी फ्रेम मागतात तेव्हा आम्ही आधीच सांगतो, की ५ बाय ७ची करूया, ती नीट दिसेल.

हल्ली मोबाइलवर चेहरा लख्ख करून देणारी ॲप निघाली आहेत. धूसर फोटो घातला की डोळ्यांच्या पापण्यासुद्धा दिसतात. पण त्या पापण्या तिच्या नसतात. ॲपनं लाखो चेहरे बघून अंदाजानं काढलेल्या असतात. एका लेकीला आम्ही हौसेनं असा फोटो करून दाखवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे हो, पण ही आई नाही." गेलेल्या माणसाच्या फोटोवर आम्ही ते आता करत नाही. धूसर तर धूसर.

आता कटिंगकडे येऊ. आपण मॅटीच्या कापडावर भरतकाम केलंय ना, चौकोन मोजून टाके घालतो तसं? कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे तसंच कापड असतं. बारीक बारीक चौकोनी घरं, प्रत्येक घरात एकच रंग. या घराला पिक्सेल म्हणतात. कॉम्प्युटरला साडी दिसत नाही, भिंत दिसत नाही, केस दिसत नाहीत, घरं दिसतात. आणि गंमत अशी, की कडेचं घर नेमकं कुणाचं हे त्यालाही कळत नाही. हिरव्या साडीच्या शेजारी पिवळी भिंत असेल तर मधल्या घरात पोपटी रंग येतो, निम्मा साडीचा आणि निम्मा भिंतीचा. कटिंगची सगळी कसरत त्या पोपटी घरांची आहे. ती ठेवली तर माणसाभोवती पिवळट किनार दिसते. जास्तच काढली तर माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चौकातल्या फ्लेक्सवर असे कितीतरी भाऊ-दादा आपण बघतो, डोक्याभोवती पांढरी रेघ असलेले.

माणूस निवडायच्या रीती तीन-चार आहेत. पहिली म्हणजे कांडी, मॅजिक वाँड. एका जागी टिचकी मारली की त्या रंगाशी जुळणारी शेजारची सगळी घरं ती एकदम निवडते. किती जुळणारी, हे एका आकड्यावर ठरतं. फोटोशॉपमध्ये तो आकडा आपण काही बदल केला नसेल तर ३२ असतो आणि ० ते २५५ पर्यंत नेता येतो. पांढऱ्या कागदावर ठेवलेला पापड असेल तर कांडी उत्तम. लग्नाच्या मंडपात ती काही कामाची नाही. झालरीवर टिचकी मारावी तर वहिनींचा पदरही बरोबर निघून येतो.

दुसरी रीत लासो, म्हणजे फास. माउस धरून हातानं कडेकडेनं रेघ ओढायची. हात थरथरला की रेघ थरथरते. घाईच्या कामाला ठीक.

तिसरी पेन टूल, आणि आमचं मत विचाराल तर शिकायची ती हीच. यात रेघ ओढायची नसते. वळणावर एक ठिपका द्यायचा, पुढच्या वळणावर दुसरा, आणि दुसरा ठिपका दाबून जरा ओढला की मधली रेघ बाक घेते. ब्लाउज बेतताना आपण गळ्याच्या आकारासाठी दोन खुणा करतो आणि मग खडूनं गोलाई काढतो, तसंच. हे बाक काढायचं गणित फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्यांचे आकार आखण्यासाठी बसवलं गेलं. रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए या इंजिनिअरनं १९६०च्या दशकात ते पुढे आणलं, म्हणून त्या रेघांना आजही बेझिए वक्र म्हणतात. मोटारीचा बाक आणि आपल्या आजीच्या खांद्याचा बाक एकाच गणितानं निघतो. सुरुवातीला पेन हाताला अजिबात बसत नाही, रेघ भलतीकडेच पळते. आम्हाला पंधरा दिवस लागले. घरातला तांब्या, कप, पोळपाट यांचे फोटो काढून त्यांच्या कडेनं ठिपके देत सराव करा. ठिपके जितके कमी, तितकी कड गुळगुळीत.

एक गोष्ट मात्र शिवणाच्या उलट. कापड बेतताना आपण शिलाईसाठी अर्धा इंच बाहेर सोडतो. फोटोत आत यायचं. माणसाच्या कडेपासून एक-दोन घरं आतून ठिपके द्यायचे, म्हणजे ती पोपटी घरं आपोआप बाहेर राहतात. आणि फोटो दुप्पट-तिप्पट मोठा करून काम करायचं, नाहीतर कड दिसतच नाही.

बायकांच्या फोटोत जे अडतं ते पुरुषांच्या फोटोत नसतं, हे कुठलाच शिकवणीचा व्हिडिओ सांगत नाही. कमरेवर हात असेल तर कोपर आणि कंबर यांच्यामधून मागचा मंडप दिसतो. ते भोक वेगळं काढावं लागतं. बांगड्यांच्या मधल्या फटी. नथीच्या आतला गोल. कानातल्या झुब्याखालची जागा. गजऱ्याच्या कळ्या. डोक्यावरून घेतलेला पदर पांढरा आणि मागची भिंतही पांढरी असेल तर कड डोळ्यांनी दिसतच नाही, अंदाजानं काढावी लागते. अशा वेळी आम्ही फोटोचा उजेड तात्पुरता कमी करतो, मग पदराची घडी उमटते, तिच्या आधारानं ठिपके देतो आणि उजेड परत होता तसा करतो.

आणि केस. केसांना पेन लावू नका. पेननं कापलेले केस टोपासारखे दिसतात. खांद्यापर्यंत पेन, आणि डोक्याभोवती मऊ ब्रश, असं आम्ही करतो. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत केसांची कड सुधारायचं वेगळं साधन आहे, ते सुटे केस बऱ्यापैकी पकडतं. पण सगळ्यात उपयोगी युक्ती वेगळीच आहे. नवीन बॅकग्राउंड जुन्याच्या जवळच्या उजेडाचं घ्या. मागे फिकट भिंत होती तर नवीनही फिकट, मागे अंधार होता तर नवीनही गडद. मग केसांत अडकून राहिलेला जुना रंग डोळ्यांना खुपत नाही. काळोख्या मंडपातली बाई आभाळी रंगावर ठेवली की केसाकेसात काळं दिसणारच.

चौथी रीत आपोआपची. २०१८च्या शेवटी इंटरनेटवर अशी सोय आली, की फोटो टाकला की काही सेकंदांत बॅकग्राउंड गायब. त्याच वर्षी फोटोशॉपमध्येही माणूस स्वतःच ओळखून निवडायचं बटण आलं. २०२२पासून आयफोनमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस मागच्यापासून सुटून वर येतो. इतर मोबाइलमध्येही आता हे सर्रास असतं. मग आम्ही पंधरा दिवस ठिपके देत का बसलो, असं तुम्ही विचाराल. तर हातातल्या त्या ग्रुप फोटोवर हे करून बघा. कॉम्प्युटर विचार करतो, की या फोटोत मुख्य कोण? आणि नवरा-नवरीला उचलतो. कडेच्या बाईला तो मागच्या खुर्च्यांबरोबर पुसून टाकतो. कधी तिला धरलंच तर कडेवरच्या पोरासकट धरतो, कारण त्याला दोघं एकच वाटतात.

त्याच्यावरही उपाय आहे. आधी फोटो कापून घ्यायचा, फक्त ती एकटीच चौकटीत राहील असा, आणि मग आपोआपचं बटण दाबायचं. निम्मं काम होतं. उरलेलं, म्हणजे बांगड्या, नथ, पदर, हातानं. आम्ही आता असंच करतो, यात कमीपणा काही नाही. फक्त अनोळखी वेबसाइटवर लेकीबाळींचे फोटो टाकताना थांबा. तो फोटो तिथं किती दिवस राहतो, कोण बघतं, हे आपल्या हातात नसतं. गिंप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेट लागत नाही. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. आम्ही बरंचसं काम त्यातच करतो. आणि कुणी एखादीचा चेहरा असा कापून वाईट फोटोवर चिकटवला, तर लाजून गप्प बसू नका. फोटो आला त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर ठेवा आणि तक्रार करा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर बायकामुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. तो मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र बोलू.

खोडरबर नाही तर काय, हे सांगायचं राहिलं. मास्क. समजा फोटोवर एक पडदा टाकलाय. पडद्यावर जिथं काळा रंग लावाल तिथलं झाकलं जातं, जिथं पांढरा लावाल तिथलं दिसतं, करडा लावाल तिथलं अर्धवट दिसतं. खाली फोटो पूर्ण असतो, जसाच्या तसा. कान झाकला गेला? पांढरा ब्रश घ्या, कान परत आला. आठ दिवसांनी आला तरी चालतो, फक्त फाइल लेअरसकट जपून ठेवायची. लेअर, म्हणजे एकावर एक थर ठेवायची सोय, फोटोशॉपमध्ये १९९४ साली आली. त्याआधीचे स्टुडिओवाले काय करत असतील! निगेटिव्हवर माणसाभोवती बारीक ब्रशनं गडद रंग भरत बसायचे, म्हणजे प्रिंटमध्ये मागचं सगळं कोरं यायचं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला तर भक्ताचा चेहरा फोटोतून कापून कागदावर चिकटवायचे आणि अंग, कपडे, श्रीनाथजींची मूर्ती सगळं रंगानं काढायचे. त्यांना मनोरथ चित्रं म्हणतात. कापलेली कड रंगात इतकी बेमालूम मिसळलेली, की हात लावून बघावंसं वाटतं.

पूर्ण झालेला फोटो मागचं काही न ठेवता द्यायचा असेल तर पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीजीला रिकामी जागा कळत नाही, तो तिथं पांढरा रंग भरून टाकतो. पापडाच्या लेबलाला हेच लागतं. लोणच्याच्या काचेच्या बरणीला मात्र कटिंग करू नका. काचेतून मागचं दिसतं, ते कापून निघत नाही. मागे पांढरा कार्डशीट लावूनच फोटो काढा, प्रश्न मिटला. आणि पासपोर्ट किंवा परीक्षेच्या फॉर्मसाठी मागची भिंत पांढरी करून मागतात, तिथं आम्ही चेहऱ्याला हात लावत नाही. वांग, तीळ, सुरकुती, जे आहे ते राहणार. भिंतही शक्यतो खरीच पांढरी घेऊन पुन्हा फोटो काढतो, दोन मिनिटांचं काम आहे.

आता झाकलेल्या भागाचं बोलू. एक खांदा दुसऱ्या कुणाच्या आड असतो, तेव्हा काय करायचं? सोपी वाट अशी, की दिसणारा खांदा उलटा करून दुसऱ्या बाजूला बसवायचा. आम्हीही एकदा केलं. मग घरातली म्हातारी म्हणाली, "अगं, हिनं गुजरात्यांवाणी पदर कधी घेतला?" आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, उलटा केला की उजव्यावर जातो. नथही डाव्या नाकपुडीतून उजवीत जाते. पुरुषाचा खांदा उलटा चालून जातो, बाईचा नाही. त्यापेक्षा फोटो खांद्याच्या वरच संपवा, किंवा खालचा भाग हळूहळू विरत जाईल असा मास्क करा. नसलेलं काही बनवू नका.

या 'नसलेलं' आणि 'असलेलं' यावरून आमच्यात एकदा चांगलीच वादावादी झाली. ती सांगतो.

एका वहिनींचं निधन झालं. यजमान बारा वर्षांपूर्वी गेलेले. त्यांचा स्वतंत्र असा फोटो नव्हता, आणि जो सापडला तो यजमान असतानाचा, पुतणीच्या लग्नातला. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. फोटो घेऊन आले ते त्यांचे थोरले दीर आणि वहिनींची लेक. दीर म्हणाले, मंगळसूत्र दिसणार नाही असं वरून कापा आणि कुंकू काढून टाका. लेक काहीच बोलली नाही, खाली बघत राहिली.

कुंकू काढायला अर्धं मिनिट लागतं, मैत्रिणींनो. ब्रश घ्यायचा, शेजारची त्वचा उचलायची आणि कपाळावर फिरवायची. आमच्यातली एक म्हणाली, गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, आपण कोण? दुसरी म्हणाली, बाईचं कुंकू एकदा पुसलंय लोकांनी, आता मेल्यावर आपण पुन्हा पुसायचं का? तुम्हाला आठवत असेल, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं परिपत्रक काढलं. त्यावर आपण या रेडिओवर दोन भाग केले होते. आणि तेच आम्ही आता ब्रश हातात घेऊन बसलो होतो.

शेवटी आम्ही दिरांना एवढंच म्हणालो, "काका, हा फोटो ज्या दिवसाचा आहे त्या दिवशी त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. आम्ही आधी आहे तसा काढून दाखवतो. मग तुम्ही सांगाल ते करू." काका बरं म्हणाले, मनापासून नव्हे.

त्या दिवशी आम्ही पेननंच काम केलं, ठिपका ठिपका. मागे लाल-पिवळा मंडप होता, त्याचा लाल रंग पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर उतरला होता; तो कडेकडेनं फिका केला. मागे साधा फिकट राखाडी रंग. उजवा हात छातीशी होता, मूठ मिटलेली. ती अर्धवट दिसत होती आणि शेजारणीच्या शालूत मिसळली होती, म्हणून आम्ही ती मास्कमध्ये झाकली आणि फोटो खांद्यापाशी विरत नेला. कुंकू तसंच.

काका खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनीचा हात होता ना? पहिल्या फोटोत होता."

आम्ही म्हणालो, होता, पण नीट दिसत नव्हता म्हणून झाकलाय.

"मूठ कशाला मिटली होती गं तिनं?"

मास्कवर पांढरा ब्रश फिरवला. हात परत आला. मोठं करून पाहिलं तर बोटांच्या फटीतून दोन-तीन पिवळे दाणे दिसत होते. अक्षता. मंगलाष्टका चालू असणार, सगळे समोर बघत होते, आणि फोटोग्राफरनं हाक मारली म्हणून त्या तेवढ्यापुरत्या वळल्या असणार.

लेक पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "काका, तेव्हा माझ्याच लग्नाच्या वेळी आई पुढं आली नाही. हॉलच्या मागं बसून राहिली." तिचं लग्न वडील गेल्यानंतरचं.

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मूठ ठेवा. खालपर्यंत घ्या फोटो."

शालूचा भाग काढून मनगटापर्यंतची कड नीट करायला आम्हाला आणखी दीड तास लागला. चुड्यातल्या दोन बांगड्यांमध्ये शालूचा जांभळा रंग थोडा राहिलाच, तो आम्हाला निघाला नाही. फ्रेम ५ बाय ७ची ठरली होती ती ६ बाय ८ची करावी लागली, कारण हात धरला की खाली जागा लागते. कुंकवाचा विषय कुणी काढला नाही. पैसे देताना काकांनी विचारलं, की याच्या दोन प्रती होतील का, एक लेकीच्या घरी लावायला.